फाटकावरची फुंकणी

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नाही, आणि लातुरात त्याला बेवडा अजहर म्हणतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे केलं ते ह्याच्यामुळंच केलं. मी शांत बाई नाही. आमच्या घरात सगळा सोशिकपणा अजहरच्या वाट्याला गेला आणि राग तेवढा माझ्याकडं राहिला.

अजहर महादेवप्पांची गाडी चालवायचा. सगळे त्यांना अप्पा म्हणतात, मीही म्हणते. दुसरं काही म्हणावंसं कितीही वाटलं तरी जीभ वळत नाही. भूकंप झाला तेव्हा अप्पांकडं एक जुनाट टेम्पो होता. किल्लारीकडं पत्रे, ब्लँकेटं, तांदूळ न्यायला गाड्या कमी पडत होत्या. अप्पांनी टेम्पो लावला आणि मिसरूड फुटलेल्या अजहरला त्यावर बसवलं. पोरगं न झोपता फेऱ्या मारतंय हे त्यांनी तेव्हाच हेरलं. भूकंपाचा पैसा संपला आणि शिकवण्यांचा सुरू झाला. मुखेड, कंधार, अहमदपूरची पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येऊन राहायला लागली. शनिवारी त्यांना गावाकडं सोडायचं, रविवारी परत आणायचं. टेम्पोच्या जागी बस आली, एकीच्या चार झाल्या, आणि अप्पांच्या गळ्यात सोन्याचा गोफ आला.

अपघात झाला त्या आठवड्यात अप्पांनी अजहरला शुक्रवारी पुण्याला पाठवलं होतं. तिथून आला तसा मुखेडला, आणि रविवारी पोरं घेऊन माघारी. मधे झोप नाही. डोळा लागू नये म्हणून ऑफिसातून चहाबरोबर कागदात गुंडाळलेली पांढरी गोळी यायची. ती घेतली की माणूस टक्क जागा राहतो, आणि मग अचानक उघड्या डोळ्यांनी झोपतो. चाकूरच्या अलीकडं बस पुलाचा कठडा तोडून खाली गेली. पोरांचे हातपाय मोडले. एक पोरगी जागीच गेली. प्रियदर्शनी नाव तिचं, मुखेडच्या भीमनगरातल्या नरसिंग गुरुजींची लेक.

पोलिसांच्या आधी अप्पा तिथं पोचले. अजहर बेशुद्ध. थोड्या वेळानं त्याच्या सीटखाली दारूची अर्धी बाटली सापडली. ड्रायव्हरला तीन दिवस झोपू दिलं नाही असं निघालं असतं तर मालक अडकला असता. ड्रायव्हर प्यालेला निघाला की एकटा ड्रायव्हर अडकतो. अजहरचं रक्त दुसऱ्या दिवशी घेतलं. त्यात काहीच निघालं नाही, तर लोक म्हणाले, उतरली असेल. अजहर मशिदीत पहिल्या रांगेत उभा राहणारा माणूस. जामिनावर सुटल्यावर कुबडी घेऊन तो पुन्हा जायला लागला तेव्हा कुणी तोंडावर काही बोललं नाही. नुसती त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. खांद्याला खांदा लावून उभं राहायच्या ठिकाणी शेजारी कुणी नसणं काय असतं, ते मला त्यानं सांगितलं नाही. मला माझ्या भावानं सांगितलं, आणि त्या दिवशी मी ठरवलं की ज्या तोंडानं अप्पांनी हे पसरवलं त्याच तोंडानं, चारचौघांत, ते परत घ्यायला लावीन.

संधी त्यांनीच दिली. दुसऱ्या कुणाची तरी गाडी उदगीर रस्त्याला उलटली, तो ड्रायव्हर खरोखरच प्यालेला निघाला, आणि पालक बिथरले. क्लासवाल्यांनी बसमालकांना बोलावून सांगितलं, ड्रायव्हर तपासा, नाहीतर पोरं देत नाही. अप्पांनी दारू मोजायचं यंत्र आणलं. त्यात जोरात फुंकायचं. पोटात दारू असेल तर लाल दिवा लागतो. ड्रायव्हरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव फुंकणी ठेवलं. ती धरायला ड्रायव्हरांच्या चहाला न भुलणारं माणूस पाहिजे होतं. अप्पांनी मला बोलावणं धाडलं.

"शबाना, माणुसकी म्हणून देऊन राहिलो काम," ते म्हणाले. "झालं गेलं सोड."

मी मान खाली घालून हाव म्हटलं. घरी येऊन चूल पेटवताना तीन काड्या मोडल्या. अजहरला वाटलं आनंदानं.

गाड्यांच्या आवाराच्या फाटकावर अप्पांनी पाटी रंगवून घेतली होती: फुंकल्याशिवाय कुणीही गाडी बाहेर काढायची नाही. खाली त्यांचं नाव. पालक आले की त्यांना आधी ती पाटी दाखवायचे आणि मग मला. "ही बघा. दारूनं हिचं घर बसलं. नवऱ्यानं एक पोरगी मारली. तीच बाई आता माझ्या गाड्यांवर डोळ्यांत तेल घालून बसती." बायाबापड्या माझ्याकडं कणवेनं बघायच्या. एकीनं तर माझ्या हातावर हात ठेवला. मी फुंकणी घट्ट धरून उभी राहायची. मनातल्या मनात मी अप्पांना किती वेळा पुलावरून खाली ढकललं असेल, त्याला गणती नाही.

काम मात्र मी चोख केलं. कुणालाही सोडलं नाही. एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर अर्धे ड्रायव्हर घरी धाडले. पण माझ्या लवकरच लक्षात आलं की ही सगळी धूळफेक आहे. निजामोद्दीन नावाचा एक ड्रायव्हर होता, अजहरचाच जोडीदार. एका रविवारी तो फुंकायला आला तर डोळे तांबारलेले, जबडा सारखा हलतोय, हात स्थिर नाही. फुंकला. दिवा हिरवा.

"कधीपासून झोपला न्हाईत, भाई?" मी विचारलं.

तो ओशाळं हसला. "भाभी, तुमच्या फुंकणीला दारू कळती. गोळी कळत न्हाई."

म्हणजे चहाबरोबर कागद अजून येतच होता. अजहरचा पाय गेला, एक लेक गेली, आणि अप्पांनी बदललं काय, तर फाटकाचा रंग. मी ऑफिसात जाऊन सांगितलं की निजामोद्दीनला आज सोडू नका. अप्पा म्हणाले, दिवा कोणता लागला? हिरवा ना? मग तुझं काम झालं.

त्या दिवशी घरी येऊन मी अजहरसमोर भडाभडा बोलले. घरात आम्ही आमच्या मुसलमानी बोलीत बोलतो, पण अर्थ हाच. मी म्हटलं, पोलिसांत जाऊन गोळीचं सांगा, कोर्टात सांगा, तुम्ही गप्प का?

"गोळी अप्पांनी दिली," तो म्हणाला, "पण तोंड माझं होतं."

"मग काय, बेवडा म्हणूनच मरायचं?"

"शबाना, जाऊ दे. ते उकरू नकोस. तुला हात जोडतो."

हात जोडतो म्हणाला आणि खरंच जोडले. मला त्याचा इतका संताप आला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मला वाटलं, भित्रा आहे. चांगला माणूस आहे आणि भित्रा आहे.

खंडेनवमीला अप्पांची नवी बस आली. आमच्याकडं ह्या दिवशी गाड्यांची पूजा असते, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू, आणि नव्या गाडीची पहिली फेरी मालक स्वतः मारतो. कितीही ड्रायव्हर पदरी असोत, त्या दिवशी स्टिअरिंग मालकाच्या हातात. अप्पांनी पालकांना बोलावलं होतं, दोन-चार क्लासवाल्या सरांना बोलावलं होतं. मांडव, लाउडस्पीकर, पेढे. आणि नारळ फोडायला कुणाला आणावं, तर नरसिंग गुरुजींना. त्यांचा धाकटा रविकांत आता लातूरला शिकवणीला होता. ज्या बापाची लेक गेली तोच बाप आपल्या गाडीला नारळ फोडतो, म्हटल्यावर मुखेडच्या पालकांची काय बिशाद शंका घ्यायची. अप्पांचं डोकं असं चालायचं.

गुरुजी पांढऱ्या सदऱ्यात एका बाजूला उभे होते, शेजारी धुरपताबाई, त्यांच्या मंडळी. कोर्टाच्या तारखांना त्यांनी मला पाहिलेलं होतं. मला बघून बाईंनी तोंड फिरवलं. मी तरी कुठल्या तोंडानं त्यांच्याकडं बघणार होते? त्यांच्या लेखी मी दारुड्याची बायको.

दुपारचं जेवण वर्कशॉपच्या मागं झालं, आणि खास पाहुण्यांसाठी जेवणाच्या आधीचंही काही होतं. अप्पा तिकडून आले ते वेलदोडे चघळत, कपाळावर गुलाल, चेहरा लालबुंद. पालक आणि सर लोक बसमध्ये चढले. गुरुजींच्या हातात नारळ दिला. फाटक ओलांडताना चाकापुढं फोडायचा होता. अप्पा ड्रायव्हरच्या सीटवर चढले, हॉर्न वाजवला, टाळ्या पडल्या.

मी फाटकाची साखळी लावली आणि बससमोर जाऊन उभी राहिले.

"अप्पा, फुंका."

बसमधली माणसं हसली. त्यांना वाटलं ठरवून केलेला कार्यक्रम आहे. एक सर म्हणाले, "वा, अप्पा, मालकालाही सुटका नाही." पुन्हा टाळ्या. अप्पाही हसले. मग मी खिडकीखाली जाऊन फुंकणी वर धरली तेव्हा त्यांचं हसू तोंडावरच थिजलं. वास माझ्यापर्यंत येत होता.

ते वाकून हळूच म्हणाले, "शबाना, बाजूला हो. उद्या बघतो तुला."

"उद्या बघा. आत्ता फुंका. पाटीवर तुमचंच नाव हाय."

"काय पायजे तुला? पगार वाढवू?"

मी म्हणाले, "तो माइक घ्या. अजहर प्यालेला नव्हता, एवढंच सांगा सगळ्यांना. मी फाटक उघडते."

त्यांनी एकदा मागं बघितलं, एकदा लाल दिव्याच्या त्या डबीकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. एवढंच होय, असा. स्वस्तात पडलं त्यांना. मांडवातला माइक मागवून घेतला, घसा साफ केला आणि सणाचं भाषण करावं तसं बोलायला लागले.

"आज खंडेनवमी. आजच्या दिवशी मनात काही ठेवू नये. आमचा जुना ड्रायव्हर अजहर. लई इमानी माणूस. त्याच्याबद्दल त्या येळी जे बोलल्या गेलं, ते गैरसमजातून झालं. अजहर पीत नव्हता. त्या दिवशी बी प्यालेला नव्हता. हे मी देवाब्राह्मणासमक्ष सांगतो."

लाउडस्पीकर रस्त्यापर्यंत ऐकू जात होता. पलीकडच्या टायरच्या दुकानातली आमच्या मोहल्ल्याची माणसं बाहेर येऊन उभी होती. मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मी रडेन. रडू आलं नाही. छाती मात्र भरून आली, आणि आणखी हवं असं वाटलं. भूक चाळवावी तसं. तरी दिलेला शब्द होता म्हणून मी साखळीला हात घातला.

"अप्पा," नरसिंग गुरुजी म्हणाले. ते चाकापुढंच उभे होते, नारळ हातात. आवाज चढवला नाही, पण माइक चालू होता आणि सगळ्यांना ऐकू गेलं. "ड्रायव्हर प्यालेला नव्हता, मग माझी लेक कशानं गेली?"

अप्पांना हा प्रश्न येईल असं सुचलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. अजहरचं नाव धुवायच्या नादात मी हे विसरले होते की दारू पुसली की तिथं दुसरं काहीतरी दिसणारच.

"गुरुजी, नशीब," अप्पा म्हणाले. "रस्ता खराब होता. देवाची करणी."

"आपण माझ्या घरी येऊन सांगितलं होतं की तो प्याला होता. माझ्या ओट्यावर बसून सांगितलं. मी इतकी वर्षं त्या माणसाला शिव्या देऊन झोपतो."

गुरुजींनी मग माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट. "तुम्ही सांगा."

माझ्यापुढं दोन गोष्टी होत्या. गप्प राहिले असते तर अजहर त्या क्षणापासून स्वच्छ होता. शुक्रवारी त्याच्या शेजारी माणूस उभा राहिला असता. बोलले असते तर अप्पा बुडत होते, आणि त्यांच्याबरोबर माझा नवराही, आता मात्र खरोखरच्या गुन्ह्यात. अजहरचे जोडलेले हात मला आठवले. पण अप्पा माझ्याकडं बघून किंचित मान हलवत होते, गप्प बस म्हणून, आपण आता एकाच बाजूचे आहोत म्हणून. ती मान हलली नसती तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

"गोळीनं गेली," मी म्हणाले. "झोप मारायच्या गोळीनं. अजहरला तीन दिवस झोपू दिलं न्हाई. गोळी अप्पांच्या ऑफिसातून आली. घेतली माझ्या नवऱ्यानं."

अप्पा ओरडले, "खोटं. नवऱ्याला वाचवायला बोलून राहिली."

गुरुजी म्हणाले, "नवऱ्याला वाचवायचं असतं तर बाई शेवटचं वाक्य बोलली नसती."

मग निजामोद्दीन गर्दीतून पुढं आला. त्यानं शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि काही न बोलता गुरुजींच्या तळहातावर ठेवली. आजचीच होती. बसमधली माणसं उतरायला लागली, आधी बाया, मग सर लोक. एका पालकानं खिडकीपाशी येऊन मला म्हटलं, "आता फुंकायला लावा त्यांना." मी फुंकणी पुन्हा वर धरली. अप्पांनी फुंकलं नाही, पण सीटवरून खालीही उतरता येईना, कारण उतरलं की चालावं लागणार आणि चाल सगळ्यांना दिसणार. ते तसेच हार घातलेल्या काचेमागं बसून राहिले. मी त्यांच्याकडं पोटभर बघून घेतलं. खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातला तो फार सुखाचा वेळ होता. पोलीस आले, पुडी घेतली, अप्पांनाही नेलं, आणि दसऱ्याच्या पेपरात सगळं आलं.

पण हे पुढचं. त्या दुपारी फाटकातून निघताना गुरुजी माझ्यापाशी थांबले. नारळ त्यांनी मांडवातच ठेवून दिला होता. "तुमचे मिस्टर घरी असतात का?"

"हाव."

"आम्हाला न्या."

मला नाही म्हणता आलं नाही. ऊन उतरलं होतं. मी पुढं आणि गुरुजी-धुरपताबाई माझ्या मागं. बातमी आमच्याआधी मोहल्ल्यात पोचली होती. अजहर धुतलेला सदरा घालून दारात खुर्चीवर बसला होता, जसं काही त्यानं बोलावलंच होतं. आम्हाला बघून कुबडीवर उठायला लागला. गुरुजी म्हणाले, "बसा."

मी पाणी आणलं. कुणी घेतलं नाही.

"गोळी घेतली होती तुम्ही?"

"घेतली होती, गुरुजी."

"गाडी थांबवता आली नसती का? झोप येते हे कळत नव्हतं?"

अजहरनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग जमिनीकडं बघत म्हणाला, "कळत होतं. तुमची लेक माझ्या मागच्याच सीटवर होती. अहमदपूर सोडल्यावर उठून केबिनपाशी आली. म्हणाली, काका, तुम्ही पेंगून राहिलात. चहाला थांबू. मी बाकीच्यांना सांगते, कुणी काही म्हणणार न्हाई. मी म्हटलं, बेटा, गोळी घेतलीय, काही होत न्हाई, जाऊन बस."

हे त्यानं मला कधीच सांगितलं नव्हतं. जाऊ दे म्हणत होता ते ह्यासाठी. बेवडा म्हणून घेणं त्याला ह्याच्यापेक्षा सोपं वाटलं होतं, आणि मी भर चौकात ते सोपं त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

"ती गेली न्हाई बसायला," अजहर म्हणाला. "तिथंच उभी राहिली. म्हणाली, मग मी तुमच्याशी बोलत राहते, म्हणजे झोप येणार न्हाई."

गुरुजींनी भिंतीला हात लावला. मला वाटलं, ते आता मारतील ह्याला, आणि मी मधे पडणार नाही असंही ठरवलं. पण ते तसेच उभे राहिले. धुरपताबाई पुढं झाल्या. आख्ख्या रस्त्यात त्यांनी तोंडावरचा पदर काढला नव्हता. तो त्यांनी मागं सारला आणि अजहरच्या खुर्चीपुढं उंबऱ्यावरच बसल्या.

"काय बोलली?" त्यांनी विचारलं. "माझी पोर काय काय बोलली तुमच्याशी?"

अजहरनं कुबडी बाजूला ठेवली.

"सांगा," बाई म्हणाल्या. "समदं सांगा. मला घाई न्हाई."